डिमेन्शियाच्या पेशंटचा चष्म्याचा नंबर काही न विचारता काढता येतो का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासरे, म्हणजे तुमचे आण्णा, ७८ वर्षांचे, रिटायर्ड मास्तर, तीन वर्षांपासून डिमेन्शिया. चष्म्याच्या दुकानात नेलं तर चार्टवरचं एकच अक्षर परत परत म्हणत राहिले, कॉम्प्युटरच्या मशीनवर हनुवटी टेकवेनात, आणि शेवटी "पेशंट को-ऑपरेट करत नाही, नंबर निघणार नाही, आता चष्म्याचा तसा उपयोगही नाही" असं सांगून परत पाठवलं. तुम्ही विचारलंय की त्यांना काही न विचारता नजर मोजायची पद्धत असते का, आणि असली तरी आता ते पेपर वाचतच नाहीत तर फायदा काय. शिवाय ताटातला भात तसाच राहतो आणि बाथरूमच्या दारात काळं पायपुसणं टाकलंय तिथं येऊन थबकतात हे पण लिहिलंय, त्याच्यावर नंतर येते, ते जरा वेगळं प्रकरण आहे.

मी सांगलीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, २३ वर्षं झाली, सुरुवातीची काही मिरजेत आणि नंतर इथंच, आणि गेली काही वर्षं क्लिनिक आटपलं की बॅग घेऊन घरी जाऊन पण तपासते, विश्रामबाग, गावभाग, कधी तासगाव साईडला, जिथलं म्हातारं माणूस बाहेर पडू शकत नाही तिथं. तर आधी थेट उत्तर देते. हो, नंबर काढता येतो, आणि आण्णांनी एक शब्द न बोलता काढता येतो. "को-ऑपरेट करत नाही" हे मी इतक्या कागदांवर लिहिलेलं बघितलंय की आता वाचलं की पोटात तुटतं. सहा महिन्यांचं बाळ तरी कुठं को-ऑपरेट करतं, त्याचा नंबर आपण काढतोच की. मग ज्या माणसानं आख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांना बाराखडी शिकवली त्याला एका चार्टवरून परत घरी पाठवायचं हे मला पटत नाही.

एक गोष्ट आधी सुटी करून घेऊ. नजर तपासणं म्हणतो त्यात तीन-चार वेगवेगळे प्रश्न गुंतलेले असतात. भिंगाचा नंबर किती हा एक, तो चष्मा लावल्यावर प्रत्यक्षात किती बारीक दिसतं हा दुसरा, डोळ्यात आजार काही आहे का म्हणजे मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचं काही, हा तिसरा, आणि डोळ्यानं पाठवलेलं मेंदूला लागतंय का हा चौथा. चार्ट वाचायला लावला की हे सगळे एकाच उत्तरात येऊन बसतात, वर भाषा, लक्ष, आठवण, ऐकू येणं हे पण त्यातच मिसळतं. म्हणून डिमेन्शियात चार्ट फसला की नेमकं काय फसलं तेच कळत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला पेशंटनं बोलायची गरजच नसते. दुसऱ्याला थोडा प्रतिसाद लागतो पण तो डोळ्यांच्या हालचालीतून पण मिळतो. चौथा मात्र अवघड.

नंबर काढायला माझा सगळा भरवसा रेटिनोस्कोपवर. टॉर्चएवढं हातात धरायचं यंत्र आहे, त्यातून उजेडाची एक बारीक पट्टी निघते. खोलीत थोडा अंधार करायचा, पट्टी डोळ्यावर टाकायची आणि यंत्राच्या भोकातून बघायचं, बाहुलीत नारंगी-लाल चमक दिसते. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल येतात ना, तोच हा, पडद्यावरून परत आलेला उजेड. आता पट्टी जरा डावी-उजवी हलवली की आतली चमक पण हलते. पट्टीच्याच दिशेनं हलली तर प्लसची भिंगं लावत जायचं, उलट दिशेनं हलली तर मायनसची, आणि एका भिंगाला असं होतं की चमक हलायचीच थांबते, आख्खी बाहुली एकदम भरून पेटल्यासारखी दिसते. तिथं नंबर सापडला. त्यातून मी किती अंतरावर बसलेय त्याचा हिशोब वजा करायचा, ६६ सेंटीमीटरवर असेन तर दीड, अर्ध्या मीटरवर असेन तर दोन. मग पट्टी फिरवून दुसऱ्या अक्षात तेच, म्हणजे सिलिंडर नंबर, दोन दिशांतल्या नंबरातला फरक, तो मिळतो. एका वेळेला दोन-तीन सेकंद उजेड पुरतो, सवयीच्या हाताला दोन्ही डोळे मिळून चार-पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते सलग बसायला पण लागत नाही, मध्ये उठून पाणी पिऊन आले तरी चालतं.

आणि म्हाताऱ्या माणसात एक सोय आहे जी लहान मुलांत नसते. मुलांचं डोळ्यातलं भिंग सारखं फोकस बदलत असतं, म्हणून त्यांना थेंब टाकून ते ढिलं करावं लागतं. साठी ओलांडली की ती फोकस करायची ताकद जवळपास संपलेली असते, म्हणून नंबरासाठी थेंब टाकायची गरज पडत नाही, जे दिसतं ते खरं दिसतं. अडचण असते ती नजर कुठं आहे त्याची. आण्णा सरळ लांब बघत असले पाहिजेत, तिरके बघत असतील तर खोटा सिलिंडर नंबर येतो. "तिकडं बघा, तिकडंच बघा" म्हणून उपयोग नसतो, दोन सेकंदांनी विसरतात. मी घरातल्या माणसाला माझ्या खांद्याच्या मागं लांब उभं करते आणि त्यांच्या आवडीचं काहीतरी बोलायला सांगते, शेत, शाळा, जुनी सायकल काहीही, माणसाची नजर आपोआप बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाते आणि तिथंच राहते. तपासणीची भिंगं अडकवायचा तो लोखंडी ट्रायल फ्रेम मी बऱ्याचदा घालतच नाही, जड असतो, नाकावर टोचतो, ओढून काढतात आणि मग सगळंच नको म्हणतात. सुटं भिंग दोन बोटांत धरून डोळ्यासमोर नेलं की चालतं, किंवा भिंगांची पट्टी मिळते ती वरखाली सरकवायची.

मोतीबिंदू दाट असेल तर चमक मंद दिसते, काही कळत नाही, तेव्हा मी एकदम जवळ जाते, २०-२५ सेंटीमीटरवर, आणि मग दीडच्या जागी चार किंवा पाच वजा करते. नंबर अगदी पाव-पाव मोजून येत नाही पण अंदाज पक्का येतो. आणि तिथंही चमक दिसलीच नाही तर ते पण उत्तरच आहे, मग चष्म्याचा विषय बाजूला ठेवून आधी मोतीबिंदूकडे बघायचं.

सांगलीवाडीच्या एक आजी आठवतात. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं त्यात चष्मा गेला, जुने कागद पण गेले. लग्नापासून जाड भिंगाचा चष्मा होता एवढंच घरच्यांना माहीत, नंबर कुणालाच नाही. नंतर एका ठिकाणी नेलं तर आजी काही उत्तर देईनात म्हणून तसंच परत आणलं, आणि मग आजोबांचा राहिलेला वाचायचा चष्मा त्यांना घातला, तीन वर्षं. मी गेले तेव्हा आजी हातात लसणाची पाकळी घेऊन नाकाला लावून बघत होत्या आणि सून म्हणाली, मॅडम, डोकं गेल्यापासून प्रत्येक वस्तूचा वासच घेत बसतात. रेटिनोस्कोप लावला तर दोन्ही डोळ्यांना मायनस सहाच्या आसपास. आता मायनस सहाच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण १६-१७ सेंटीमीटरवरचंच स्वच्छ दिसतं, आणि वर त्या वाचायच्या चष्म्याची अडीच प्लसची भिंगं, म्हणजे ते अंतर १२ सेंटीमीटरवर आलं, वीतभर पण नाही. आजी वास घेत नव्हत्या, बघत होत्या. मी पहिल्यांदा पूर्ण सहा दिलं नाही, पाच दिलं, कारण तीन वर्षं डोळ्याला सवय नव्हती आणि एकदम बदललं की जमीन वर-खाली वाटते. पंधरा दिवसांनी गेले तर मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत बसलेल्या, हात मांडीवर, मान सरळ. माझं नाव, सुनेचं नाव तेव्हाही आठवत नव्हतं आणि पुढंही आठवलं नाही, त्यात चष्म्यानं फरक पडत नाही हे पण तुम्हाला स्पष्ट सांगते.

तो कॉम्प्युटर म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटर वाईट नाही, तत्त्व तेच, डोळ्यात उजेड टाकून परत आलेला मोजायचा. पण हनुवटी आणि कपाळ टेकवून काही सेकंद स्थिर बसावं लागतं, बाहुली बारीक असली किंवा मोतीबिंदू असला की एरर दाखवतो नाहीतर प्रत्येक वेळी वेगळा आकडा देतो. हातात धरून लांबून वापरायची मशीन्स पण आलीत, ती अशा पेशंटना बरी पडतात. पण ज्या माणसाला "हे बरं की ते बरं" विचारता येत नाही त्याला मशीनच्या चिठ्ठीवरून सरळ चष्मा बनवून देऊ नये, रेटिनोस्कोपनं ताडून बघितलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

आता दुसरा प्रश्न, दिसतं किती. इथं मी लगेच अक्षरांचा चार्ट टाकून देत नाही. आण्णा मास्तर होते म्हणता ना, तर एक सांगते, डिमेन्शियात समजून वाचणं आधी जातं पण अक्षर बघून मोठ्यानं म्हणणं बऱ्याच जणांत खूप उशिरापर्यंत टिकतं. फक्त दाखवायची पद्धत बदलावी लागते. आख्खा चार्ट समोर टांगला की कुठलं अक्षर विचारतायत तेच कळत नाही, म्हणून एका कार्डावर एकच अक्षर, जाड काळं, हातात धरून. आणि थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. तुम्ही लिहिलंय ते एकच अक्षर परत परत म्हणत होते, हे फार वेळा होतं, मेंदू आधीच्या उत्तरावर अडकून बसतो. मध्ये कार्ड खाली ठेवून जरा दुसरं बोलायचं, "चहा झाला का" विचारायचं, आणि मग पुढचं अक्षर. दुसरी एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आली, काही पेशंटची उत्तरं एक घर मागं चालतात. 'म' दाखवला तर गप्प, पुढं 'ग' दाखवला की "म" म्हणतात. घाईत तपासणारा चूक लिहीत जातो आणि सगळी उत्तरं बरोबर असतात.

E चा चार्ट, ज्यात तोंड कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं, तो मात्र न शिकलेल्या माणसासाठी चांगला असला तरी डिमेन्शियात मला जड वाटतो, कारण डावं-उजवं आणि हाताची खूण या दोन्ही गोष्टी बिघडलेल्या असतात, दिसत असून सांगता येत नाही.

अक्षरं पण जमत नसतील तर लहान मुलांच्या पद्धतीकडे जायचं. रॉबर्ट फँट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं १९५८ च्या सुमारास दाखवलं की बाळासमोर एक साधा आणि एक नक्षीचा कागद धरला तर बाळ नक्षीकडे जास्त वेळ बघतं. त्यावरून पुढं टेलर कार्डं आली, राखाडी कार्ड, एका बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा, मधोमध बारीक भोक, त्यातून आपण पेशंटचे डोळे बघायचे. रेघा दिसल्या तर डोळे तिकडं वळतात, रेघा बारीक बारीक करत जायचं, ज्या कार्डाला डोळे वळायचे थांबले तिथं नजर संपली. कार्डिफ कार्डं पण त्याच जातीची, मासा, गाडी, बदक अशी चित्रं असतात, रेषा इतक्या बेताच्या की दिसण्याच्या पलीकडं गेली की चित्र राखाडीत विरून जातं, आणि चित्र कार्डाच्या वरच्या नाहीतर खालच्या बाजूला असतं. मला म्हाताऱ्यांसाठी कार्डिफ जास्त आवडतात, कारण ज्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय त्यांची बऱ्याचदा एका बाजूची नजर गेलेली असते, अशा माणसाला टेलरचं आडवं कार्ड दाखवलं की एक बाजू फसतेच. मग ते कार्ड उभं धरायचं. आणि एक लक्षात ठेवा, रेघांवरून मोजलेली नजर अक्षरांवरच्या नजरेपेक्षा बऱ्याचदा चांगली येते, विशेषतः पडद्याचा मधला भाग खराब असेल तर, म्हणून रिपोर्टवर कुठल्या पद्धतीनं मोजली ते लिहून घ्या.

रेघांचा फिरता ड्रम पण असतो, तो डोळ्यासमोर हळू फिरवला की डोळे आपोआप रेघेमागं जातात आणि झटक्यानं परत येतात, चालत्या रेल्वेच्या खिडकीतून खांब बघणाऱ्या माणसाचे होतात तसे. डोळे असे हलले तर काहीतरी दिसतंय हे नक्की. नाही हलले तर मात्र दिसत नाही असं म्हणता येत नाही, लक्ष नसेल तरी हलत नाहीत.

घरी जाते तेव्हा माझ्या बॅगेत काळ्या कापडाचा एक तुकडा असतो. त्यावर चुरमुरा टाकते, मग साबुदाणा, मग खसखशीचे चार दाणे, आणि काही न बोलता बसते. म्हातारी माणसं, विशेषतः बायका, सांडलेलं धान्य बघून गप्प बसूच शकत नाहीत, बोट जातंच. साबुदाण्यापर्यंत बोट गेलं आणि खसखशीला गेलं नाही, यावरून ६/१२ का ६/१८ (६/१२ म्हणजे चांगल्या डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) असा आकडा निघत नाही, पण चष्मा लावून आणि न लावता हेच करून बघितलं की फरक समोर दिसतो. तोंडात घालतात, म्हणून फक्त खायचीच वस्तू ठेवते.

आणि एक अगदी साधी परीक्षा, जी तुम्ही आज संध्याकाळी पण करू शकता. आण्णा टीव्ही बघत असताना मागून हलकेच तुमचा तळहात त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरा, डोळ्याला लावू नका, फक्त आडवा धरा. मग थोड्या वेळानं डाव्या. एका बाजूला हात सहज चालवून घेतला आणि दुसऱ्या बाजूला झटकला, मान वळवली, चिडले, तर ज्या डोळ्यावर हात असताना चिडले तो चांगला डोळा आणि दुसऱ्यानं कमी दिसतंय. असं दोन-तीन वेळा तेच झालं तर डॉक्टरांना नक्की सांगा, कारण दोन डोळ्यांत फरक पडलाय हे डिमेन्शियाचा माणूस स्वतः कधीच सांगणार नाही.

डोक्यामागं वायर लावून करतात ती व्हीईपी तपासणी पण कुणीतरी सुचवेल. समोर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उलटसुलट होत राहतात आणि मेंदूच्या मागच्या भागात साधारण १०० मिलिसेकंदांनी एक लाट उठते ती मोजतात. खरी ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे पेशंटच्या उत्तरावर न चालणारी तपासणी आहे, डोळ्याच्या नसेचा आजार वाटत असेल तर उपयोगाची. पण पटाकडे बघत बसावं लागतं, डोक्याला चिकट जेल आणि वायरी, आण्णांसारख्या माणसाला त्याचाच त्रास होतो. नुसत्या चष्म्याच्या प्रश्नासाठी त्यांना घेऊन कोल्हापूर-पुण्याला धावू नका.

डोळ्याच्या आजाराच्या तपासणीत पेशंटला विचारायचं फारसं काही नसतंच. बाहुल्यांवर आळीपाळीनं टॉर्च टाकली की नसेत फरक असला तर कळतो, डोळ्याचं प्रेशर आता थेंब न टाकता क्षणात मोजणारी छोटी मशीन्स आहेत, पडदा दिसत नसेल तर पापणीवरून सोनोग्राफी होते. काळजी घ्यायची ती थेंबांची. बाहुली मोठी करायची म्हणून ॲट्रोपिन, होमॅट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेट टाकलं तर अशा पेशंटची भ्रमिष्टावस्था एकदम वाढू शकते, त्यापेक्षा ट्रोपिकामाइड बरं, आणि फिनाइलेफ्रिन मिसळलेलं असेल तर बीपीची कल्पना द्या. डिमेन्शियासाठी डोनेपेझिलची गोळी चालू असेल आणि काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब पण चालू असतील तर दोन्हींनी नाडी मंद होते, हे दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेलं असतं आणि एकमेकांना माहीत नसतं. स्वतःहून काही बंद करू नका, पण सगळ्या गोळ्या-थेंबांची पिशवी दोघांनाही दाखवा.

मोतीबिंदू निघाला तर "आता या वयात कशाला" म्हणून ऑपरेशन टाळू नका, आणि उशीर पण करू नका, आज टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहतील, दोन वर्षांनी कदाचित नाही राहणार. आत बसवायच्या भिंगाचा नंबर सुद्धा मशीननं डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजूनच काढतात, तिथं पण पेशंटच्या उत्तराची गरज नाही.

आता वाचत नाहीत तर फायदा काय, हा तुमचा प्रश्न. ब्रिटनमध्ये प्रोव्हाइड नावाचा अभ्यास झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात डिमेन्शिया असलेल्या ७०८ लोकांचे डोळे तपासले. जवळपास एक तृतीयांश लोकांची नजर ६/१२ पेक्षा कमी होती, आणि त्यातल्या ४४ टक्के जणांना फक्त आजच्या नंबरचा चष्मा दिला तरी ती सुधारणार होती. म्हणजे कुठलं औषध नाही, ऑपरेशन नाही, नुसता चष्मा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया कमिशननं २०२४ मध्ये उपचार न केलेल्या कमी नजरेला डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टींच्या यादीत घातलं. आणि स्मरणशक्तीच्या टेस्टमध्येच बघा, घड्याळ ओळखा, वाक्य वाचा, दोन पंचकोन बघून काढा, असे मार्क असतात, चुकीचा चष्मा घालून बसवलं तर ते मार्क डोळ्यांमुळं जातात आणि खाली आजार वाढला असं लिहिलं जातं. आण्णांची ती टेस्ट पुढं परत होईल तेव्हा आधी चष्मा बरोबर करून घ्या. वाचायचं सोडा, समोर आलेलं माणूस मुलगा आहे का परका हे तोंड दिसल्यावरच कळणार ना, आधीच आठवण कमी त्यात तोंड धूसर, मग माणूस घाबरतो, चिडतो, अंगावर येतो, आणि आपण गोळीचा डोस वाढवायला जातो.

आता भात आणि पायपुसणं. हे चष्मा बरोबर झाला तरी राहू शकतं. अल्झायमरमध्ये कॉन्ट्रास्ट ओळखायची ताकद कमी होते, फिक्यावर फिकं दिसतच नाही. चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा भात, वर ताक, ट्यूबलाइटचा उजेड ताटावरून परत डोळ्यात, त्या माणसाला तिथं काही वाढलंय हेच कळत नाही. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००४ मध्ये एक अगदी छोटा अभ्यास छापला होता, अल्झायमर खूप पुढं गेलेल्या पेशंटना पांढऱ्याऐवजी लालभडक ताट-ग्लास दिले तर खाणं सरासरी २५ टक्क्यांनी आणि पाणी-दूध पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. पेशंट मोजकेच होते पण करून बघायला काय जातंय, एक लाल नाहीतर गडद निळं मेलामाईनचं ताट आणा, नक्षी नसलेलं, आणि ताक रंगीत ग्लासात द्या. काळं पायपुसणं आजच उचला, बऱ्याच जणांना तो जमिनीतला खड्डा वाटतो, आण्णा हट्ट करत नाहीयेत, खड्ड्यात पाय कोण घालेल. तिथं फरशीच्या रंगाचं टाका. कमोडचं सीट पांढरं असेल तर गडद रंगाचं बसवून बघा.

चष्मा बरोबर, मोतीबिंदू नाही, पडदा चांगला, आणि तरी समोरची वाटी सापडत नाही, जिन्याची पायरी कळत नाही, मोठं अक्षर वाचता येत नाही पण बारीक वाचतात, असं काही दिसलं तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होणारा एक प्रकार असतो, पोस्टेरियर कॉर्टिकल ॲट्रोफी, फ्रँक बेन्सन यांनी १९८८ मध्ये तो नावारूपाला आणला. हे लोक वर्षानुवर्षं चष्मे बदलत फिरतात. नसलेली माणसं, मुलं, प्राणी दिसतात असं म्हणायला लागले तर ते पण लपवू नका, ल्युई बॉडी नावाच्या डिमेन्शियात हे होतं, आणि नुसती नजर खूप कमी झाली तरी शहाण्यासुरत्या माणसाला पण होतं, म्हणून तिथं पण डोळे आधी तपासावे लागतात.

चष्मा बनवताना एकच जाड सूचना, प्रोग्रेसिव्ह भिंग, म्हणजे एकाच काचेत लांबचं आणि जवळचं दोन्ही, देऊ नका, दुकानदार चांगलं म्हणून सुचवेल. खालच्या भागातून जवळचं दिसतं आणि जिना उतरताना पायरी नेमकी तिथंच धूसर होते. लांबचा एक साधा चष्मा दिवसभर, बस. आधी बायफोकलची सवय पक्की असेल तर तोच प्रकार राहू द्या. नंबर खूप बदलला असेल तर टप्प्यानं बदला, ऑस्ट्रेलियात २००७ साली छापलेल्या एका ट्रायलमध्ये म्हाताऱ्या लोकांना तपासून नवे चष्मे दिल्यावर पहिल्या वर्षात पडण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं, म्हणून पहिले पंधरा दिवस कुणीतरी बरोबर चाला. फ्रेम जुन्यासारखीच घ्या, नवी वेगळी असली की "हा माझा नाही" म्हणून काढून ठेवतात, आणि शक्य असेल तर दोन एकसारखे करा, एक हरवतोच.

नेताना सकाळी न्या, नाश्ता करून, संध्याकाळी नको, दिवस कलला की यांचा गोंधळ वाढतो. कानाचं मशीन असेल तर लावून. आणि घरातले जुने सगळे चष्मे पिशवीत घालून आणा, काडी मोडलेला, काच फुटलेला, ट्रंकेत पडलेला, कसाही. भिंगाचा तुकडा जरी असला तरी लेन्सोमीटरवर, म्हणजे भिंगाचा नंबर मोजायच्या मशीनवर ठेवून मला आण्णांचा नंबर दहा वर्षांपूर्वी काय होता ते त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच कळतं, अर्धं काम तिथंच होतं.